थांब, आत्या

घरात मी नवऱ्याला नावानं हाक मारत नाही आणि एकेरीत तर कधीच बोलत नाही. पण ही गोष्ट लिहायची तर त्याला मारोतीच म्हणणार आणि अरेतुरेच करणार. त्या ॲम्प्लिफायरचा राग अजून माझ्या पोटात आहे. रागाच्या खाली दुसरंही काही आहे, पण आधी राग.

नायगावच्या बसस्टँडजवळ मारोतीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लग्नाला, जयंतीला, उरुसाला माईक आणि भोंगे भाड्यानं देण्याचा धंदाही तिथूनच चाले. मी शाळेत शिकवायची. घरात आम्ही दोघं, आमची लहान पोरगी आणि त्याची आत्या, धुरपताबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणे. त्यांचं सासर अहमदपूरकडं होतं. बहात्तरच्या दुष्काळानंतर नवरा गेला, पोटी मूल नव्हतं, तेव्हा त्या माहेरी आल्या आणि भाच्याजवळच राहिल्या.

आत्याबाई गायच्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पेटी-तबल्याची साथ नाही. दगडावर दगड आपटून ताल धरायच्या, कारण त्यांचं गाणंच दगडावर जन्मलेलं. बहात्तर साली दुष्काळी कामावर खडी फोडताना त्यांनी ते रचलं होतं.

पाणी गेलं गं तळाला
दोर जोडला दोराला

असं ते सुरू व्हायचं. पुढची कडवी ठरलेली. शेवटचं मात्र कधीच ठरलेलं नसे. ज्याच्या दारात गात असतील त्याचं नाव घेऊन त्या शेवटचं कडवं तिथल्या तिथं जोडायच्या. एकदा म्हटलेलं पुन्हा म्हणायच्या नाहीत. कुणी आग्रह केला तर म्हणायच्या, "उष्टं वाढू का तुला?" आमच्या लग्नात त्यांनी माझं नाव घेतलं होतं. 'पंचशीला आली घरा, पाणी लागलं झऱ्याला.' मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि भर मांडवात रडले होते. नायगावात अशी कितीतरी माणसं होती, ज्यांच्याकडं आपल्या नावाचं एकेक कडवं होतं. दागिना जपावा तशी ती जपत.

मारोतीकडं नव्हतं. आमच्या लग्नात आत्याबाई गात होत्या तेव्हा नवरदेव फ्यूज बदलायला गेला होता. खोटं सांगत नाही.

आता तो ॲम्प्लिफायर कुठून आला ते सांगते. एका चौदा एप्रिलला विहारासमोर कार्यक्रम होता. आत्याबाईंना पहिल्यांदाच माईकसमोर उभं केलं. एक ओळ म्हटली आणि लिंबाच्या झाडावरच्या भोंग्यातून तीच ओळ परत आली, नाकातून, कर्कश. आत्याबाई थांबल्या. वर झाडाकडं बघून म्हणाल्या, "ही कोण बया वरडून राहिली?" सगळी वस्ती हसली. आत्याबाई काही हसल्या नाहीत. खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "माझा आवाज न्हाई त्यो. पुन्यांदा त्या डब्यापुढं मला उभं करू नका."

भोंगा मारोतीचाच होता. त्याला ते लागलं. त्या दिवसापासून त्यानं ध्यास घेतला की आत्याचा आवाज जसा ओसरीवर येतो तसाच शेवटच्या ओळीतल्या माणसाच्या कानात पडला पाहिजे. "तसं मशीन बाजारात मिळत न्हाई, मी ते हातानं करीन," म्हणाला.

तेव्हा ट्रान्झिस्टरची मशीनं आली होती. हलकी, चालू केल्याबरोबर बोलणारी. मारोती त्यांना नाक मुरडायचा. "त्यात जीव न्हाई," म्हणायचा. त्याला काचेचे वॉल्व्हच पाहिजे होते, जुन्या मोठ्या रेडिओत असायचे ते. चालू केले की आत तांबडी वात लागल्यासारखी दिसते, तापायला वेळ घेतात आणि मग आवाज येतो तो गोल, ऊबदार. एवढं मला त्याच्याकडून ऐकून ऐकून पाठ झालंय. वॉल्व्ह आणायला तो नांदेडला गुंडप्पांकडं जायचा. गुंडप्पा म्हणजे देगलूरकडचे म्हातारे रेडिओवाले, वजिराबादेत त्यांचं दुकान. मेलेल्या रेडिओंचा ढीग लावून बसलेले असायचे. एका खेपेला एक वॉल्व्ह मिळायचा, दुसऱ्या खेपेला दुसरा. सुती फडक्यात गुंडाळून, एस. टी. च्या गर्दीत छातीशी धरून आणायचा. आमच्या पोरीला त्यानं कधी इतकं जपून आणलं नाही.

ॲल्युमिनियमचा पत्रा कापून, वाकवून त्यानं खोकं केलं. ट्रान्सफॉर्मर मात्र त्याला आयता नको होता. एका जुन्या हातशिलाई मशीनचं चाक काढून त्यानं ओसरीवर यंत्र बसवलं. मी चाक फिरवायची, तो तांब्याची बारीक तार बोटांतून सोडायचा. वेढे मोजायला चिंचोके. शंभर वेढे झाले की एक चिंचोका डाव्या वाटीतून उजव्या वाटीत. मध्ये कुणी बोललं, मोजणी चुकली, की सगळी तार उकलायची. शाळेतून दमून यावं आणि चाक फिरवत बसावं. सगळ्या जगाच्या बायका दुष्काळात पाण्यासाठी फिरत होत्या, मी तारेसाठी चाक फिरवत होते. पाणी आणायला आत्याबाई जायच्या.

कारण पाऊस नव्हताच. सालोसाल ओढ देत होता आणि त्या वर्षी तर बोअरही आटले. विहिरींत हातभर पाणी साठलं रे साठलं की सगळे मोटारी चालू करायचे. त्यामुळे लाईट असली तरी नसल्यासारखी. बल्ब कंदिलासारखा पिवळा, पंखा मोजत मोजत फिरणार. मारोती रोज मीटर लावून बघायचा. दोनशे तीस व्होल्टच्या जागी दीडशे, फार तर एकशेसाठ.

आणि इथंच त्यानं डोकं चालवलं. म्हणाला, "कमी लाईटीवर सगळ्यांची मशीनं रडतात. माझं रडणार न्हाई. मी वेढेच असे घालतो की एकशेसाठवर पुरा जोर देईल."

गुंडप्पांनी त्याला सांगितलं होतं. मी सोबत होते, पोरीला दवाखान्यात दाखवायला नांदेडला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. गुंडप्पा म्हणाले, "हे बघ मारोती, दोनशे तीसचं एक वायर बी काढून ठेव. कुठं पुरी लाईट असली तर तिकडं जोडता येतं, न्हाईतर मशीन जळंल."

मारोती हसला. "दोनशे तीस आमच्याकडं कुणी बघितलंय काका? जन्मात न्हाई बघितलं."

गुंडप्पाही हसले. मीही हसले. खरंच होतं ते. आमच्यापैकी कुणी पुरी लाईट बघितलीच नव्हती.

मशीन उभं राहिलं. लाकडी खोक्यात मोठा स्पीकर बसवला, भोंगा नाही. मग सुरू झाली परीक्षा. आत्याबाईंना माईकसमोर बसवायचं. "डब्यापुढं उभं करू नका" म्हणणारी बाई, पण भाच्यासाठी रोज संध्याकाळी हातपाय धुऊन येऊन बसायची. त्या सुरू करायच्या, 'पाणी गेलं गं तळाला.' मारोती कान स्पीकरला लावून बसायचा. दुसरी ओळ पुरी व्हायच्या आत हात वर.

"थांब, आत्या. गुणगुण येऊन राहिली."

आत्याबाई थांबायच्या. तो एक तार इकडची तिकडं करायचा, कथलाचा डाग द्यायचा. पुन्हा, 'पाणी गेलं गं तळाला.'

"थांब, आत्या. अजून हाय."

गुणगुण म्हणजे आवाजाच्या मागं भुंगा फिरल्यासारखा बारीक घुमारा. मला तर ऐकूही यायचा नाही. पण त्याला दुसरं काही ऐकू यायचं नाही. मी एकदा चिडून म्हणाले, "अहो, एकदा गाणं तरी पुरं ऐका त्यांचं."

"ऐकतो की. मशीन होऊ दे. मग बसून ऐकतो."

आत्याबाई माझ्याकडं बघून हसल्या. "असू दे गं. त्याला थांबवायची सवय लागली अन् मला थांबायची."

त्या संध्याकाळी सहज बोलून गेल्या. माझ्या मात्र ते लक्षात राहिलं.

त्याच पावसाळ्यात, म्हणजे पाऊस नसलेल्या पावसाळ्यात, लातूरचा जिल्हा झाला. आम्ही नांदेड जिल्ह्यातले, आमचं काही बदललं नाही, पण आत्याबाईंचं सासर उस्मानाबादेतून लातुरात गेलं. त्यांना त्याचं अप्रूप. "बसल्या जागी माझा जिल्हा बदलला बाई," म्हणायच्या. मग लातूरहून व्यंकटराव आले. हे आत्याबाईंच्या सासरच्या गावचे. बहात्तर साली दोघांनी एकाच कामावर खडी फोडलेली. पुढं ते लातुरात नोकरीला लागले. नव्या जिल्ह्याच्या आनंदात काही मंडळींनी मोठा कार्यक्रम ठेवला होता आणि त्यात दुष्काळी कामावरचं ते गाणं पाहिजेच, असा व्यंकटरावांचा हट्ट होता.

"डबा असंल तर मी न्हाई येत," आत्याबाई म्हणाल्या.

"डबा नसणार आत्या," मारोती म्हणाला. "माझं मशीन असणार. तुझा आवाज तुझाच राहील. शेवटच्या ओळीपर्यंत जाईल. माझा शब्द हाय."

आत्याबाईंनी त्याच्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "हाव. तुझ्या शब्दावर येते. पन ही एकच बार. माझा दम आता सरत आला."

एस. टी. च्या टपावर स्पीकर बांधला आणि मशीन मारोतीच्या मांडीवर. मी, आत्याबाई आणि पोरगी मागच्या बाकावर. लातूर जवळ आलं तशी खिडकीतून डाळीच्या मिलांची धूळ आत येऊ लागली. आत्याबाईंनी पदर नाकाला लावला आणि बाहेर बघत राहिल्या. एका वळणावर म्हणाल्या, "ह्या रस्त्याखाली माझी खडी हाय."

मैदान भरलेलं होतं. दिवसाढवळ्या मांडवात झगमग दिवे लावले होते. मी इतका पांढरा बल्ब कधी बघितला नव्हता. पंखे असे फिरत होते की त्यांची पाती दिसत नव्हती. कार्यक्रमासाठी आसपासच्या मोटारी बंद ठेवल्यात, असं कुणीतरी सांगत होतं. मी मारोतीला म्हणालेसुद्धा, "केवढा उजेड आहे बघा." तो माईकची वायर सोडत होता. म्हणाला, "जिल्हा झालाय. उजेड पडणारच." मीटर त्याच्या पिशवीत होता. तो त्यानं काढला नाही. सगळीकडं नायगावचीच लाईट असते, असं त्याच्या हाडांत बसलेलं होतं. आणि फ्यूजच्या जागी त्यानं तारेचे दोन पदर घातले होते, कारण आमच्या लाईटीवर बारीक फ्यूज टिकायचे नाहीत.

आम्ही पुढंच सतरंजीवर बसलो. मागच्या पडद्याजवळ टेबलावर मशीन, तिथं मारोती. आत्याबाई पांढऱ्या लुगड्यात माईकसमोर उभ्या राहिल्या, हातात घरून आणलेले दोन दगड. वॉल्व्ह तापले. रोज तांबडे दिसायचे, त्या दिवशी पिवळेधमक. मला वाटलं, सण आहे म्हणून तेही सजले.

पाणी गेलं गं तळाला
दोर जोडला दोराला

काय सांगू तुम्हाला. आत्याबाईंचा आवाज होता तो, अगदी त्यांचाच, पण आभाळाएवढा. त्यातला घोगरेपणा, ओळ संपताना लागणारी धाप, सगळं जसंच्या तसं. मैदानातली शेंगा फोडणारी माणसं थांबली. लांब पाण्याच्या टँकरवर बसलेली पोरं वळून बघायला लागली. आत्याबाईंनी स्वतःचा आवाज ऐकला आणि मान वळवून मागं भाच्याकडं बघितलं. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. मारोतीनं ते बघितलं नाही. त्याचे डोळे वॉल्व्हवर होते. आता त्याला काहीतरी कळलं होतं.

पुढची ओळ अर्धी झाली आणि बंदुकीसारखा आवाज निघाला. मशीनमधला कंडेन्सर फुटला. मग जळक्या वार्निशचा वास आणि धूर. वर्षभर मोजून मोजून घातलेले वेढे पेटले. लोक हसले, कुणी शिट्ट्या मारल्या. मांडववाल्याचं ट्रान्झिस्टरचं मशीन आणि भोंगे तयारच होते. व्यंकटराव धावत आत्याबाईंजवळ गेले, "ते लावू का?"

आत्याबाईंनी मान हलवली. माईक हातानं बाजूला सारला, पुढं आल्या, अगदी स्टेजच्या कडेला, आणि दगडावर दगड मारून गाणं जिथं तुटलं होतं तिथून उचललं. नुसत्या गळ्यानं.

मागच्यांना काही ऐकू येत नव्हतं, ते गलका करत होते. पण पुढच्या चार-पाच रांगा चिडीचूप झाल्या. मी लग्नानंतर त्यांचं गाणं इतक्या वेळा ऐकलं, पण त्या दिवसासारखं नाही. खडीचं कडवं झालं. तान्ह्या लेकराला सावलीला ठेवण्याचं झालं. शेजारच्या सतरंजीवरची एक म्हातारी बाई त्यांच्या तालावर मांडी थोपटत होती, तिच्या डोळ्यांना धार लागली होती. व्यंकटराव खाली मान घालून उभे होते.

आणि मारोती? मारोती टेबलाखाली होता. पिशवीत त्यानं एक जास्तीचा कंडेन्सर आणला होता. तो बसवला की मशीन उठेल, असं त्याला वाटत होतं. ट्रान्सफॉर्मर जळालाय हे नाकाला कळत असून मनाला पटत नव्हतं. पडद्याच्या फटीतून मला त्याची पाठ दिसत होती आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर. त्याची आत्या दहा हातांवर गात होती.

मग आत्याबाई क्षणभर थांबल्या. मी ओळखलं, आता शेवटचं कडवं. मला वाटलं, लातूरचं नाव घेतील, नव्या जिल्ह्याचं, नाहीतर व्यंकटरावांचं. बोलावणं त्यांचंच होतं ना. आत्याबाईंनी दगड खाली ठेवले. अर्ध्या वळल्या, पडद्याकडं.

भाचा माझा मारोती गं

एवढं म्हटलं. सूर लांब धरला, त्यांच्या दमाला झेपेल तितका. मी टेबलाकडं बघितलं. म्हटलं, आता तरी बाहेर ये. आता तरी.

टेबलाखालून आवाज आला, "थांब, आत्या! थांब! झालंच!"

आत्याबाई थांबल्या.

वर्षभराची सवय ती. त्या थांबल्या. हात जोडले, जयभीम केला आणि कडेनं खाली उतरल्या. लोकांना वाटलं गाणं संपलं. टाळ्या पडल्या. पुढचं नाव पुकारलं गेलं.

परतीच्या गाडीत मारोती मशीन मांडीवर घेऊन बसला होता आणि वेढ्यांचा हिशेब लावत होता. आपलं कुठं चुकलं ते त्याला नीट कळलं होतं. आत्याबाईंना समजावून सांगत होता, दीडशे म्हणजे काय, दोनशे तीस म्हणजे काय. त्या 'हाव, हाव' करत होत्या. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "त्या तुमच्या नावाचं कडवं म्हणत होत्या. तुम्ही थांबवलंत."

आधी त्याला कळलंच नाही. मग तोंड इतकं उतरलं की मलाच वाटलं, घरी गेल्यावर सांगायला पाहिजे होतं. हिशेब सोडून म्हणाला, "आत्या, आता म्हन की."

आत्याबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "ते तिथलं हुतं रे बाळा. तिथंच राह्यलं."

"मग पुन्हा जोड."

"जोडू की. तुझं मशीन होऊ दे."

त्या रुसून बोलल्या नव्हत्या. खरंच जोडणार होत्या. पण दम सरत आला होता, ते त्यांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं. दिवाळीत अंथरूण धरलं. मारोतीनं शिलाई मशीनचं चाक पुन्हा बसवलं. या वेळी दोन्ही तारा काढल्या, एकशेसाठची आणि दोनशे तीसची. त्याला घाई झाली होती, आणि घाईत मोजणी चुकायची. मी म्हणायची, "अहो, मशीन राहू द्या, त्यांच्याजवळ बसा." तो जाऊन बसायचाही. पण आत्याबाईंना आता बोलतानाच धाप लागत होती. गाणं कुठून येणार? थंडी सरायच्या आत त्या गेल्या. त्यांचा आवाज कुठं टेपवर नाही. मारोतीकडं टेपरेकॉर्डर होता, पण तोही मशीन पूर्ण झाल्यावर वापरायचा होता.

मशीन पुढं उन्हाळ्यात झालं. आता ते कुठंही चालतं, नायगावातही आणि लातुरातही. गुंडप्पा मुद्दाम नांदेडहून येऊन बघून गेले, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, एवढं शांत मशीन मी बघितलं नाही. खरंच, गुणगुण अजिबात नाही. मारोतीनं ते कधी भाड्यानं दिलं नाही. अधूनमधून संध्याकाळी ओसरीवर चालू करतो, माईक समोर ठेवतो, वॉल्व्ह तांबडे होतात. स्पीकरमधून काहीही येत नाही. तो ऐकत बसतो.

कधी कधी मला विचारतो, "मारोती गं, ह्याच्या पुढं काय असंल? शेवट 'ला'च होणार ना? 'कानाला' म्हनली असंल? 'शब्दाला'?" वेगवेगळे शब्द लावून बघतो. एकही बसत नाही. मी म्हणते, मला काय माहीत.

मला माहीत नाहीच. पण मी पुढं बसले होते आणि मला आत्याबाईंचं तोंड दिसत होतं. पुढचा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता, त्यासाठी त्यांनी श्वासही घेतला होता. थांब म्हटल्यावर त्यांनी तो तसाच गिळला आणि त्या हसल्या. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.